बावीस बुचं आणि तिसरी तारीख

आमच्या गोदीत त्यांना समोर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे फूटपट्टी. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं चालवलं नव्हतं. साहेबांच्या हातात सदानकदा एक लाकडी फूटपट्टी असायची. तिनं ते रेघा मारायचे, पाठ खाजवायचे, आणि कोणी उशिरा आलं की त्याच्यापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत हवेत एक तिरपी रेघ काढायचे. बोलायचे काही नाहीत. त्यापेक्षा शिव्या परवडल्या, असं रंगाऱ्यांचा मुकादम म्हणायचा.

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. मी आले तेव्हा टाइमकीपर होते, कामगारांच्या हजेऱ्या लिहायचे. पुढे परीक्षा दिल्या, बढती झाली, दारावर पाटी लागली. साहेब मात्र शेवटपर्यंत मला टाइमकीपर म्हणत राहिले. पहिली दोन वर्षं मला राग यायचा. मग सवय झाली. राग कुठे गेला नाही, फक्त सवय झाली.

कोरडी गोदी म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. एक भलामोठा दगडी हौद असतो, त्याच्या तळाशी ओळीनं मांडलेले लाकडी ठोकळे. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचं, हौदाचं दार लावायचं आणि पंपानं पाणी उपसायचं. पाणी उतरतं तसं जहाज ठोकळ्यांवर टेकतं आणि त्याचं पोट उघडं पडतं. शेवाळ, शिंपले, गंज, सगळा जन्माचा मळ. मग खरवडायचं, कापायचं, जोडायचं, रंगवायचं, आणि ठरल्या दिवशी ठरल्या भरतीला पाणी आत सोडून जहाज बाहेर काढायचं. एक भरती चुकली की पूर्ण दिवस गेला, कारण अंधारात आम्ही जहाज हलवत नाही. आणि बाहेर पुढचं जहाज नांगर टाकून उभंच असतं.

कोणतं काम कोणत्या दिवशी, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, हे ठरवणं साहेबांचं काम. ऐकायला सोपं वाटतं. वेल्डर आणि रंगारी एकाच जागी एकाच दिवशी पाठवले तर आग लागते, आणि दोघांनाही थांबवलं तर जहाजाचा मालक आग होतो. साहेब एका लांबलचक कागदावर प्रत्येक कामाची पट्टी काढायचे. तो कागद भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि चौदा दिवसांत त्यातली एकही पट्टी त्यांच्या मनाविरुद्ध सरकायची नाही. पत्रा अपेक्षेपेक्षा पातळ निघाला, सुकाणूचं बेअरिंग गेलं, पाऊस आला, काहीही होवो. ते रात्रभरात पट्ट्या अशा फिरवायचे की सकाळी आठच्या बैठकीत आम्हाला वाटावं, हे आधीपासून असंच होतं.

आणि घरी? घरी काही नव्हतं. गोदीच्या फाटकाला लागून बिनलग्नाच्या कामगारांसाठी खोल्या आहेत. साहेब लग्न झालेले असूनही सव्वीस वर्षं त्यातल्या एका खोलीत राहत होते. मी एकदा त्यांच्या सहीसाठी तिथे गेले होते. एक पलंग, एक खुर्ची, खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. म्हणजे बसायचं झालं तर पलंगावरच. पाहुण्याची सोयच नव्हती, कारण पाहुणा येत नव्हता. खिडकी उघडली की गोदीच्या क्रेनचा पाय दिसायचा, नुसता पाय. रविवारी सुट्टी असली तरी ते ऑफिसात यायचे आणि कुलूप उघडून पेन्सिलींना टोकं करत बसायचे. कॅन्टीनमध्ये खांबाआडचं टेबल त्यांचं. समोरची खुर्ची कोणीतरी उचलून दुसरीकडे नेलेली असायची, आणि त्यांनी ती कधी परत मागितली नाही.

त्यांची बायको, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, रात्रभराच्या प्रवासावरच्या शहरात राहायची. लग्नानंतर चार वर्षं ती इथे होती. मग तिची आई आजारी पडली म्हणून माहेरी गेली, तिथे पोस्टात नोकरी लागली, आई गेली, नोकरी राहिली, आणि वहिनीही राहिली. भांडण झालं नाही. मूलबाळ नाही. वर्षातून एकदा ती चार दिवस यायची आणि गोदीच्या फाटकाशी उभी राहून मला म्हणायची, "ही बघ माझी सवत. भोंगा वाजला की नवरा उठून हिच्याकडे." हसत म्हणायची. शेवटची तीन वर्षं ती आली नव्हती. दर रविवारी सकाळी साहेब तिला फोन करायचे, पंधरा मिनिटं. सोळावं मिनिट लागलेलं मी कधी पाहिलं नाही.

तर त्या वर्षी वहिनीच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, घाबरण्यासारखं नाही, पण लांबवू नका आणि सोबत घरचं माणूस हवं. तारीख ठरली. त्याच आठवड्यात आमच्याकडे एक तेलवाहू जहाज अडकलं, आणि साहेबांनी फोन करून तारीख पुढे घ्यायला सांगितलं. दुसरी तारीख ठरली. तेव्हा प्रवासी बोटीचा पाण्यातला पंखा वाकला. तीही तारीख पुढे गेली. आता तिसरी होती.

हे मला कसं कळलं? भिंतीवरच्या कागदावरून. एक जुनं मालवाहू जहाज चौदा दिवसांसाठी येणार होतं, आणि साहेबांनी त्याच्या सगळ्या पट्ट्या काढून झाल्यावर शेवटी, जहाज बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवसावर, एक आखूड हिरवी पट्टी काढली. हिरव्या रंगाचं काम आमच्याकडे नव्हतंच.

"हे कसलं काम, साहेब?"

"ऑपरेशन आहे. तिचं. सकाळी नऊला." मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "जहाज दुपारी तीनच्या भरतीला सुटेल. मी सातच्या गाडीत बसेन. पहाटे पाचला तिथे. चार तास हातात."

"साहेब, एक दिवस आधीच निघा ना. शेवटच्या दिवसाचं मी बघते."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जहाज हौदात उलटं ठेवायला सांगत होते.

खरं सांगते, त्या चौदा दिवसांत त्यांनी जे काम केलं तसं मी पुन्हा पाहिलं नाही. तळाचे पत्रे ठरल्यापेक्षा दुपटीनं बदलावे लागले. एक झडप आली ती चुकीच्या मापाची. रंगाऱ्यांचा मुकादम सहाव्या दिवशी हात वर करून मोकळा झाला, "साहेब, आता देवच उतरला तर." साहेब म्हणाले, "त्यालाही पास काढावा लागेल." हा विनोद होता हे आम्हाला दुपारपर्यंत कळलं नाही, कारण साहेब विनोद करतात हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ते खुशीत होते. एकदा तर गुणगुणताना सापडले. नव्या शर्टाचं पाकीट त्यांच्या टेबलाच्या कपाटात होतं, मी पाहिलं. साठीला टेकलेला माणूस बायकोला भेटायला नवा शर्ट घेतो, याचं मला हसू आलं, आणि मी कपाट हळूच लावून घेतलं.

चौदाव्या दिवशी बारा वाजता सगळं तयार होतं. राहिली होती फक्त बुचांची पेटी.

जहाजाच्या तळाला भोकं असतात, आतल्या टाक्यांमधलं पाणी काढून टाकण्यासाठी. प्रत्येक भोकाला पितळी बूच, आट्यांचं. जहाज कोरडं झालं की ती बुचं काढायची, नंबर घालून पेटीत ठेवायची, पेटीला कुलूप. काम संपलं की प्रत्येक बूच आपापल्या भोकात घट्ट बसवायचं आणि वर सिमेंटचा गोळा थापायचा, म्हणजे समुद्रात ते सैल होत नाही. एक बूच राहिलं आणि पाणी आत सोडलं तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून आमच्याकडे रीत अशी की पाणी सोडण्याआधी पेटी उघडायची आणि ती रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं. पेटीची किल्ली साहेबांच्या गळ्यातल्या दोरीत. ती त्यांनी आजवर कोणाच्या हातात दिली नव्हती.

या जहाजाला बावीस बुचं होती. साहेबांनी पेटी उघडली, आणि आत एक बूच होतं.

मी तेव्हा वर ऑफिसात, जहाज बाहेर नेणाऱ्या पायलटच्या कागदांवर शिक्के मारत होते. साडेबारा झाले तरी पंपघराची पाणी सोडायची शिट्टी वाजली नाही म्हणून खिडकीतून पाहिलं, तर साहेब नव्या शर्टासकट जहाजाच्या पोटाखाली शिरले होते आणि फिटर पहिल्या बुचावरच्या सिमेंटच्या गोळ्याला छिन्नी लावत होता. मी धावत पायऱ्या उतरले. ऐंशी पायऱ्या आहेत.

"काय झालं?"

"एक बूच पेटीत राहिलंय. म्हणजे एक भोक उघडं आहे आणि वर नुसतं सिमेंट. नंबरावर विसंबता येत नाही, अदलाबदल झाली असेल."

"कितवा नंबर आहे त्याच्यावर?"

"चौदा."

माझा जीव भांड्यात पडला. "साहेब, चौदा नंबरचे आटे झिजले होते. जहाजाच्या चीफ इंजिनियरनं नवं बूच दिलं. मंगळवारी. माझ्या रजिस्टरात नोंद आहे, त्याची सही आहे. जुनं बूच त्यांना परत द्यायचं होतं."

साहेबांनी फिटरकडे पाहिलं. फिटर ओशाळला. "पितळ आहे साहेब. इकडेतिकडे कशाला टाकायचं, म्हणून पेटीतच ठेवलं. कुलूप उघडंच होतं तेव्हा, तुम्ही समोर होतात." जुनी वस्तू जपून ठेवणारा भला माणूस. त्याला काय बोलणार?

चौदा नंबरचा गोळा फोडला. आत नवं कोरं बूच, घट्ट बसलेलं. नोंद खरी होती. घड्याळात एकला दहा कमी. एक गोळा थापायला किती वेळ लागतो? पटकन सुकणारं सिमेंट होतंच, अर्ध्या तासात पाणी सोडता आलं असतं आणि तीनची भरती आरामात मिळाली असती.

साहेब म्हणाले, "बाकीचेही फोडा."

"का?" मी जवळजवळ ओरडलेच. "बावीस भोकं, बावीस बुचं, एक जुनं जादा. हिशेब जुळला ना!"

"कागदावर जुळला. पेटीत मला न विचारता एक वस्तू गेली. मग आणखी काय काय झालं असेल, मला कसं कळणार?"

"मला विचारा ना! मी सांगतेय!"

त्यांनी विचारलं नाही. गोळे फुटत राहिले. एकेक बूच ते स्वतः हातानं चाचपत होते, गुडघ्यावर बसून, अंगावर रंगाचे ओघळ. बावीसच्या बावीस जागच्या जागी होती. शेवटचा गोळा फुटला तेव्हा तीन वाजून गेले होते आणि हौदाच्या दाराबाहेर भरतीचं पाणी उतरायला लागलं होतं.

ते चुकले असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. बुडालेल्या जहाजांच्या गोष्टी मीही ऐकल्या आहेत. पण चौदा नंबर उघडल्यावर पुढची एकवीस त्यांनी जहाजासाठी फोडली की आपल्याला आपल्याशिवाय कोणावर विसंबता येत नाही म्हणून, हे मला त्यांना विचारायचं होतं.

साडेपाचला मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "सातची गाडी आहे. स्टेशन वीस मिनिटांवर. गोळे माझ्यासमोर थापून घेते, उद्या दुपारी जहाज मी काढते. किल्ली द्या."

"बुचं मी काढली आहेत, टाइमकीपर. माझ्या सहीनं."

"मग मी अकरा वर्षं इथे काय माशा मारतेय?"

त्यांना हे लागलं. चेहऱ्यावर दिसलं. हात गळ्यातल्या दोरीकडे गेला, ती मानेवरून थोडी वरही सरकली, आणि तिथेच थांबली. मला वाटतं सबंध अकरा वर्षांत ते माझ्या इतके जवळ कधी आले नव्हते. मग त्यांनी दोरी पुन्हा शर्टात सारली आणि फोन उचलला.

"अगं, इथे एक दिवस वाढलाय. हो. नाही, मोठं काही नाही. डॉक्टरांना सांग ना, एक दिवस पुढे घ्या म्हणावं. परवा सकाळी मी नक्की तिथे." मग बराच वेळ ऐकत राहिले, किंवा तिकडे कोणी बोलत नव्हतं. फोन ठेवून मला म्हणाले, "बघते म्हणाली. चिडली नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेचारला जहाज डौलात बाहेर पडलं. एक थेंब आत आला नाही. साहेब रंगाचे डाग पडलेल्या त्याच शर्टात सातच्या गाडीला गेले.

आठ दिवसांची रजा होती. चौथ्या दिवशी सकाळी आठच्या बैठकीला ते आपल्या खुर्चीत. मुकादम मंडळी गेल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "वहिनी कशा आहेत?" एरवी "बरी आहे" एवढंच मिळालं असतं. त्या दिवशी ते फूटपट्टी टेबलावर आडवी ठेवून, तिच्याकडे बघत, सगळं बोलले. मध्ये एकदाही थांबले नाहीत.

पहाटे उतरून ते आधी घरी गेले. तिला घेऊनच हॉस्पिटलात जायचं, असं त्यांनी गाडीत ठरवलं होतं. घराला कुलूप. शेजारच्या घरालाही कुलूप. तशीच रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "त्यांचं ऑपरेशन काल झालं. व्यवस्थित झालं. तुम्ही त्यांचे कोण?"

"नवरा."

तिनं कागद काढून पाहिला, मग यांच्याकडे पाहिलं. पेशंटसोबतच्या माणसाला एकच पास मिळतो, म्हणाली, आणि तो शेजारणीला दिलेला आहे. कागदावर सोबतीला म्हणून तिचंच नाव आहे, सहीही तिचीच. बाकीच्यांनी चार ते पाच भेटीच्या वेळेत यायचं.

उलट्या बाजूनं कागद वाचायची सवय गोदीत आपल्या सगळ्यांनाच असते. साहेबांनी काउंटरवरून वाचलं. सहीखाली तारीख होती. जहाज गोदीत यायच्या आधीची, तब्बल तीन आठवड्यांपूर्वीची.

"म्हणजे मी हिरवी पट्टी काढली त्याच्याही आधी," साहेब मला म्हणाले.

सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत ते बाकावर बसून राहिले. शेजारीण दोनदा थर्मास घेऊन समोरून गेली. पास तिच्या गळ्यात होता. तिनं यांना ओळखलं नाही, आणि यांनी तिला थांबवलं नाही.

चार वाजता वहिनीनं डोळे उघडून विचारलं, "जहाज सुटलं का?"

"सुटलं."

"मग बरं झालं."

तेव्हा त्यांनी विचारलं. तिचं नाव का लिहिलंस, मी येणार होतो ना? वहिनी चिडली नाही, रडलीही नाही. तिच्या नाकात नळी होती, ती हळूहळू बोलत होती. "तुमचं नाव लिहिलं असतं आणि तुम्ही आला नसतात, तर त्यांनी ऑपरेशनच केलं नसतं. दोनदा तसंच झालं. पोटात दुखत होतं हो. मला चौथी तारीख नको होती."

तीन दिवस ते चार ते पाच भेटत राहिले. घरी सोडल्यावर तिचं काय करायचं, औषधं कोणी द्यायची, दवाखान्यात परत कोणी न्यायचं, सगळं शेजारणीशी ठरलेलं होतं, वारांसकट. यांच्यासाठी काही काम उरलं नव्हतं. तिनंच सांगितलं, तुम्ही जा आता, तुमचं तिकडे अडेल.

हे सांगून झाल्यावर साहेबांनी फूटपट्टी टेबलाच्या कडेला समांतर लावली. मग म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही, टाइमकीपर. तिच्या जागी मी असतो, तर मीसुद्धा मला हिशेबात धरलं नसतं."

मला काहीतरी बोलायचं होतं. बोलायला हवं होतं. परत जा म्हणायचं होतं, बाकावर बसा, आठ दिवस बसा, महिनाभर बसा, पण तिथे बसा. त्यांनी हात पुढे केला आणि पुढच्या जहाजाची कामांची यादी मागितली. मी ती दिली. द्यायला नको होती.